मधल्या जागेतला ठेका

"बाई, ठेका उल्टा पडून राहिला ना!" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट अनंत ओरडला आणि त्याने टेप थांबवली.

प्रेमिला माइकसमोरून हलली नाही. "उल्टा नाही जी. तसाच हाये तो."

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या त्या लहानशा स्टुडिओत सकाळपासून हे चौथ्यांदा झालं होतं. प्रेमिला कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत एका इंजिनिअर साहेबांकडे स्वयंपाक करायची आणि आपल्या वस्तीत बाबासाहेबांची गाणी गायची. तीन वर्षांपूर्वी साहेबांच्या भावाने परदेशातून एक रेकॉर्ड पाठवली होती. जमैका बेटावरचा कुणी रेगे गायक होता. साहेबांनी ती लावली आणि कणीक मळता मळता प्रेमिलाचे हात थांबले. शब्द एकही कळला नाही, पण गळा ओळखीचा वाटला. वाकवलेला माणूस कंबर सरळ करताना जसा बोलेल, तसा तो गात होता. आणि गिटार ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाजत होती. त्या ठेक्यावर तिने स्वतःची गाणी बांधायला घेतली. वस्ती आधी हसली. तिचा नवरा मात्र ढोलकी घेऊन बसला आणि ठेका हाताला लागेपर्यंत उठला नाही. मागच्या वर्षी तो काविळीने गेला. आज तिच्या आठ गाण्यांची कॅसेट व्हायची होती.

गिटारवाला रवींद्र वैतागला. "याच्यावर लोक नाचतील कसे, बाई?"

"नाचाले नाही गा, चालाले हाये हा ठेका. दूरवर चालाले." ती त्याच्यासमोर बसून मांडीवर थाप देऊ लागली. "आयक. माही थाप जिथं पडत नाही, तिथं तू वाजव."

"त्यापेक्षा चारच गाणी घेऊ, सीधीसाधी," अनंत म्हणाला.

"आठ म्हणजे आठ. अर्धं सांगाले नाही आली मी."

रवींद्र पुन्हा पुन्हा चुकला. ती थाप देत राहिली. मग कधीतरी त्याचा पाय आपोआप हलू लागला आणि गिटार नेमकी मधल्या जागेत पडली. दुपारपर्यंत चार गाणी झाली, दिवेलागणीपर्यंत सात.

आठवं गाणं नवऱ्यावरचं होतं; तो गेल्यावर बांधलेलं, अजून कुणापुढे न गायलेलं. शेवटच्या ओळीत त्याचं नाव आलं आणि तिचा आवाज चिरकला. ती थांबली नाही. ओळ पुरी केली.

"एक नंबर झालं," अनंत म्हणाला. "फक्त शेवटी आवाज फाटला. पुन्हा घेऊ."

"नका घेऊ जी." तिने पदराने घाम पुसला. "चौदा वर्षांच्या संसारात त्यायचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. बाईमाणूस घेते काय? आज पहिल्यांदा घेतलं. ते तसंच राहू द्या."

अनंतने टेपवरचा हात काढला. टेपचा खोका पुढे ओढून त्याने पेन्सिल घेतली. "गाण्याचं नाव काय लिहू?"

"नत्थू," प्रेमिला म्हणाली. अक्षर नीट उमटतं की नाही, ते ती वाकून पाहत राहिली.