काशाची थाळी

माद्रिदले पोरापाशी चार महिने राहून आली म्हटलं, की दारव्ह्यातल्या बायांचे डोळे चमकतात. "काय मजा केली असंन वो तुळसाबाई!" मजा! तुमच्या मजेले आग लागो. भेव काय असते ते मी तिथं पाह्यलं.

गेलती मी फेब्रुवारीत. माहा धर्मपाल तिथं कंप्युटरच्या कंपनीत. लग्नाचा पत्ता नाही, म्हटलं पाहून यावं कसा राह्यते. सामानात काशाची थाळी घातली तं फोनवर चिडला, "आई, इथं ताटं भेटतात ना वो!" भेटत असतील. पण ही ती थाळी होती. धर्मपाल जन्मला तवा रडलाच नाही, निळा पडलता. सुखीबाई सुईणीनं हीच थाळी त्याच्या कानाशी बदाबदा वाजवली, तवा कुठं पोरानं टाहो फोडला.

मार्चात कोरोनानं सारं बंद झालं. कामाशिवाय बाहेर पाय टाकला की पोलिस दंड करतात म्हणे. धर्मपाल घरातूनच काम करे अन् मी तिसऱ्या मजल्यावर, खुराड्यातल्या कोंबडीवानी. ठेचा कुटाले बसली की तो आतून ओरडे, "आई, हळू! शेजारचे तक्रार करतील." मी म्हणत जाये, "करू दे त्यायले."

करमे नाही, म्हणून त्याचे जुने शर्ट कापून वाकळ शिवाले घेतली. आपली गोधडी वो. खिडकीत बसून टाके घालायची. गल्ली एवढीशी, समोरच्या खिडकीत एक म्हातारी लोकर विणत बसे. नाक थेट आपल्या जमनाबाईचं, म्हणून मी तिचं नाव जमनाबाईच ठेवलं. रोज संध्याकाळी ती तिचं विणकाम उचलून दाखवे, मी माही वाकळ. धर्मपालचा निळा चौकड्याचा शर्ट तिनं त्याच्या अंगावर पाह्यलता. त्याचं ठिगळ वाकळीत दिसलं तवा त्याच्याकडे बोट करून बाई पोट धरून हासली. ना तिले माही भाषा, ना मले तिची. पण दिवसातली तेवढी घटका बरी जाये.

अन् आठ वाजले की सारी गल्ली खिडकीत. दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवत. काही जण भांडेही वाजवत. तिकडे आठ वाजता चांगला उजेड असते.

एप्रिलात धर्मपालले ताप आला. त्यानं स्वतःले खोलीत कोंडून घेतलं, आतून कडी लावली. "आई, काही झालं तरी आत येऊ नको. तुले साखर आहे." मी दाराशी ताट ठेवो, तो जेवला की भिंतीवर दोनदा ठोके. ते दोन ठोके आले की माह्या जिवात जीव येये.

पाचव्या दिवशी दुपारचं ताट तसंच राह्यलं. वरण वाळून गेलं. म्हटलं झोपला असंन. पाच वाजले, सात वाजले, ठोके नाही. दारावर थापा मारल्या, हाका मारल्या, खांद्यानं रेटलं. दार काही हलेना. मंग सुखीबाई आठवली. थाळी आणली, दाराशी वाजवली. वरणाचा पळा होता हातात, तो वाकला. आतून हूं नाही की चूं नाही.

दीपमालेले, माह्या पोरीले, दारव्ह्याले फोन लावला. इकडे रात्रीचे साडेअकरा, पोरगी झोपलेली. मजल्यावरची दोन्ही दारं ठोकली, कोणी उघडलं नाही. तिथं कोणता नंबर फिरवावा हे मले ठाऊक नव्हतं. माय वो, आंगणवाडीत तीस वर्षं लोकांच्या पोरायले आकडे शिकवले, अन् स्वतःच्या पोरासाठी तीन आकडे नव्हते माह्यापाशी!

खिडकी उघडली अन् थाळी वाजवाले लागली. आपल्याकडे कोणी अशी थाळी बडवली तं अर्धी गल्ली धावून येईन. "धावा वो! पोरगा मरून राह्यला माहा!"

भराभरा खिडक्या उघडल्या. अन् साऱ्यायनं टाळ्या वाजवाले सुरुवात केली.

आठ वाजले होते. ते हासून राह्यले होते माह्याकडे पाहून. एकानं तवा आणला, एका पोरीनं मले हात हालवला. मी जेवढी ओरडो, तेवढ्या टाळ्या वाढत. असं भेव मले जन्मात वाटलं नव्हतं. मंग टाळ्या सरल्या, एकेक खिडकी लागली. मी वाजवतच होती.

जमनाबाई तेवढी गेली नव्हती. टाळीचे हात तसेच धरून माह्याकडे पाहत होती. मी थाळी टाकली, वाकळ ओढली, निळ्या ठिगळावर बोट ठेवलं, गळा धरला, मान टाकून दाखवली. बाई ताडकन उठली. मांडीवरचा लोकरीचा गुंडा खाली गल्लीत पडला, गडगडत गेला. तिनं फोन कानाले लावला होता.

पांढऱ्या पोशाखातले लोक आले, दार फोडलं. धर्मपालचे ओठ निळे. जन्मला तवा होते तसेच. मले जिन्यापाशीच अडवलं.

मंग सोळा दिवस मी एकटी. त्याच्या कंपनीतला माणूस दीपमालेले कळवे, दीपमाला मले: नळी आहे, श्वास मशीन घेऊन राह्यली. वाकळीले हात लावाले धजेना. मनात येये, मेलेल्या माणसाचे कपडे तं शिवून राह्यली नाही ना मी? सुई टोचली त्या जागी तशीच राह्यली. जमनाबाई रोज खिडकीत येऊन भुवया उचकावे, मी 'अजून नाही' म्हणून मान हालवो.

सतराव्या दिवशी फोन वाजला. फोनवर धर्मपालचं तोंड दिसलं. नळी काढलेली, डोळे मिटलेले, गालं बसलेले. नर्स कायबाय बोलत होती, हातानं दाखवत होती: बोला, बोला, तो जागा होऊन नाही राह्यला. मी "धम्मू, धम्मू" हाका मारल्या, तो हालला नाही.

फोन टेबलावर उभा केला अन् थाळी घेतली.

वाजवली. नर्स दचकली. अजून वाजवली. समोर जमनाबाई खिडकीत येऊन उभी राह्यली, पण तिनं टाळ्या वाजवल्या नाही. हात दुखाले लागला, तरी वाजवत राह्यली. अन् धर्मपालच्या कपाळाले आठी पडली. ओठ हालले. नर्सनं फोन त्याच्या तोंडाशी नेला.

"आई... हळू. शेजारचे तक्रार करतील."

"करू दे त्यायले," मी म्हटलं, अन् वाजवतच राह्यली.