नऊ नंबरचा मामा

कर्नलसाहेबांचा भाचा या तुकडीत आहे, ही बातमी हेडक्लार्कने चहाच्या कपाबरोबर आणून ठेवली आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हेडक्लार्कला अर्धी बातमी कळली तरी तो पूर्ण सांगतो, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. पण भाचा हा शब्दच असा आहे, की एकदा कानात शिरला की बाहेर निघायचं नाव घेत नाही.

बाई निवड मंडळावर मानसशास्त्रज्ञ होत्या. लष्करी अकादमीत जाऊ पाहणारी मुलं काही दिवस तिथे मुक्कामाला असत आणि तिघंजण त्यांना तीन बाजूंनी तपासत. मेजर मैदानावर त्यांना फळ्या, दोर आणि रिकामी पिंपं देऊन खड्ड्यापलीकडे जायला लावायचा. कर्नल मंडळाचे अध्यक्ष. ते मुलाखत घेत. बाई मुलांशी बोलत नसत, त्यांनी लिहिलेलं वाचत. पडद्यावर एक धूसर चित्र क्षणभर दाखवायचं आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगायची. गोष्टीच्या नादात मुलगा स्वतःलाच कागदावर सांडून मोकळा होतो, असं या शास्त्राचं म्हणणं. शेवटच्या बैठकीपर्यंत तिघांनी मुलांबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही, अशी पद्धत होती. बाईंना मुलांची नावंही कळत नसत. छातीवर नंबर आणि कागदावर वय, बस्स. कुणाचा कोण हे समजूच नये, म्हणून एवढा खटाटोप.

आणि बाई नेमकं तेच शोधायला निघाल्या.

त्यांना दोष तरी किती द्यायचा? त्यांचा धाकटा भाऊ अशाच एका मंडळापुढे उभा राहून परत आला होता. त्याच्या जागी कुणा बड्या साहेबाचा पुतण्या गेला, असं घरात सगळे मानत. भाऊ आता मोटारींचे सुटे भाग विकतो आणि त्या दिवसांविषयी बोलत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तशी बाईंची गत होती. आपण असताना कुणाचा वशिला चालू द्यायचा नाही, एवढ्यासाठी तर त्या या नोकरीत आल्या होत्या.

दुपारी खिडकीत उभं राहून त्यांनी मैदान न्याहाळलं. नऊ नंबरचे कान पुढे आलेले होते. कर्नलचेही होते. नऊ नंबर बोलण्याआधी कानाची पाळी चिमटीत धरायचा. कर्नलही सही करण्याआधी तेच करत, हे बाईंना त्याच क्षणी आठवलं. गुडघा खरचटला म्हणून कर्नल स्वतः त्याला औषधपट्टीच्या खोलीपर्यंत सोडून आले. इतर मुलं काय लोखंडाची होती? आणि त्याच्या मुलाखतीच्या दिवशी कर्नलच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मुलाखतीत हसण्यासारखं काय असतं, हे बाईंना कोडंच पडलं.

त्या संध्याकाळी त्यांनी भावाला फोन केला. नियमात बसेल एवढंच सांगितलं, म्हणजे कानांविषयी.

भाऊ म्हणाला, "ताई, कान बघून नाती लावायला तू सोयरीक जुळवायला बसलीस की परीक्षा घ्यायला?"

बाई चिडल्या. याच्यासाठी जीव जाळायचा आणि यालाच थट्टा सुचते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊ नंबरचे कागद हातात आले. चित्रात दारात उभा असलेला एक मोठा माणूस आणि समोर तरुण मुलगा होता. बहुतेक मुलांनी वडील लिहिले होते, काहींनी शिक्षक. नऊ नंबरने लिहिलं होतं, की हा मुलाचा मामा आहे. मामा भाच्याला सांगतो, माझ्या ओळखीवर कुठे जाऊ नकोस, स्वतः जा आणि स्वतः ये. मग मुलगा पुरात अडकलेल्या माणसांना दोर टाकून बाहेर काढतो, वगैरे.

"मामा," बाई स्वतःशीच म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शिवाय ओळख नको म्हणून आव आणायचा! एरवी ज्या गोष्टीला त्यांनी भरभरून गुण दिले असते, तिच्यात त्यांना ओळीओळीला पाणी मुरताना दिसलं. धैर्य लिहिलंय, म्हणजे पढवलेलं. एका ठिकाणी मुलाला भीती वाटते असं लिहिलंय, तर ती प्रामाणिकपणा दाखवायला मुद्दाम घातलेली. कागदावरचं वय त्यांनी पाहिलं. मुलाची ही शेवटची संधी होती, पुढच्या वेळी तो वयात बसणार नव्हता. मामाची धडपड त्यासाठीच, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलं. त्यांनी नापसंतीचा शेरा लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली.

बैठकीत नऊ नंबरची पाळी आली तेव्हा मेजर खुलला. आपली फळी दुसऱ्या गटाला देऊन स्वतःच्या गटाला दोरावरून नेणारा मुलगा त्याने फार दिवसांनी पाहिला होता. कर्नलनीही चांगले गुण दिले होते. ते म्हणाले, आईवडिलांमागे याला टायरचं दुकान चालवणाऱ्या मामाने वाढवलं, आणि मामाचे किस्से हा फार झकास सांगतो.

टायरवाला मामा! सोंग तरी किती पद्धतशीर, असं बाईंना वाटलं. त्यांनी ठाम नकार दिला. मुलगा पढवलेला आहे, आतून पोकळ आहे, असं त्या शांतपणे, एकेक वाक्य दाखवून बोलल्या. त्या हुशार होत्या, त्यामुळे सगळं खरं वाटलं.

तिघांतला एकजण ठाम नाही म्हणाला, तर मुलगा बाद होई; मात्र अध्यक्षांना स्वतःचा शब्द टाकून त्याला वाचवता येत असे. मेजरने आशेने कर्नलकडे पाहिलं. कर्नलनी कानाची पाळी चिमटीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"या तुकडीत मी कुणासाठीच शब्द टाकणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. मेजरने आणि बाईंनीही केली.

मेजर निकाल वाचायला बाहेर गेला. बाईंच्या अंगात भावासाठी जिंकल्याचं बळ आलं होतं. त्यांना राहवलं नाही.

"भाच्यासाठी वाईट वाटलं असेल, सर."

कर्नलनी चष्मा काढला. "म्हणजे ते तुमच्याही कानावर आलं. माझा भाचा या तुकडीत येणार होता खरा. कळलं त्याच दिवशी मी वर कळवून त्याची रवानगी दुसऱ्या मंडळाकडे केली. पण कचेरीतली कुजबुज काही थांबली नाही. म्हणून तर गप्प बसलो. एरवी त्या नऊ नंबरसाठी मी तुमच्याशी भांडलो असतो."

साप साप म्हणून बाईंनी भुई धोपटली होती, आणि त्या भुईवर एक पोर उभं होतं.

"मेजरना थांबवा," त्या म्हणाल्या. "मला मत बदलायचंय."

"सही झाल्यावर मत बदलायचं, तर मुलाबद्दल काही नवीन कळलेलं असावं लागतं," कर्नल म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला आत्ता जे कळलं, ते मुलाबद्दल की माझ्याबद्दल?"

बाईंना उत्तर माहीत होतं. बाहेर मेजर नंबर वाचत होता. चार. अकरा. दोन. मग त्याने कागदाची घडी घातल्याचं त्याच्या थांबण्यावरून कळलं.

त्या धावतच व्हरांड्यात आल्या. न निवडलेली मुलं छातीवरचे नंबर काढून टेबलावर ठेवत होती. नऊ नंबरने आपला नंबर नीट सरळ करून ठेवला आणि बॅग उचलली. बाईंना पाहून तो थांबला. मान तिरकी करताना त्याचे कान अगदी साध्या मुलाचे कान दिसत होते.

"मॅडम, एक विचारू का? माझं काय कमी पडलं? मामा विचारेल, म्हणून."

काहीच नाही, हे खरं उत्तर बाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते सांगितलं असतं, तर का, हेही सांगावं लागलं असतं.

"कारण सांगायची आमच्याकडे पद्धत नाही," त्या म्हणाल्या.

मुलाने समजल्यासारखी मान हलवली, त्यांचे आभार मानले आणि तो बसकडे गेला. ती पद्धत आहे याचं बाईंना बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याची त्यांना फार लाज वाटली.