मामांचा अंगठा निर्दोष आहे

मी एक काळी छत्री बोलतेय. मूठ आकड्याची, काड्या आठ, अक्कल बेताची. शिक्षण विचाराल तर वाचनालयाच्या खुंटीवर लटकून कानावर पडलं तेवढंच.

कारखान्यातून निघाले तीच खट्याळ. पहिला मालक एक कारकून. भर रस्त्यात, त्याच्या साहेबासमोर, मी उलटी होऊन दाखवलं. त्यानंतर तो मला वाचनालयात विसरला. विसरला कसला, तीनदा मागे वळून बघत पळाला.

तिथले ग्रंथपाल म्हणजे आमचे मामा. दर शनिवारी ते मुलांना गोष्टी सांगत आणि मला प्राणी बनवत. उघडून जमिनीवर पालथी घातली की कासव, मिटून मूठ वर धरली की बगळा, फाडकन उघडली की वटवाघूळ. वटवाघळाच्या पंखांत लांब बोटं असतात, छत्रीच्या काड्यांसारखी, असं मामा सांगत. नक्कल त्यानंच माझी केली असणार.

मामांचा नियम एकच. एका मुलानं प्राण्याचं नाव पुरतं उच्चारायचं, मगच मामा खटका दाबणार.

मामांची सात वर्षांची भाची अडखळत बोलायची. घरी तिची वाक्यं बाकीचेच पुरी करून टाकत, म्हणून हा नियम तिच्या फार आवडीचा. एकदा तिची पाळी आली. "व... वट..." सगळे थांबले. मला कुठला धीर? म्हटलं, करू जरा गंमत. खटका सोडला आणि फाडकन उघडले.

पोरं खदखदली. मीही काड्या हलवून हसले. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं.

"माझा अंगठा सटकला गं बाळा," मामा म्हणाले.

वर्षभर ती मागच्या रांगेत बसून नुसती मान हलवत राहिली. मामांनी वटवाघूळ बंद केलं. मला उचलण्याआधी ते दर शनिवारी आपल्या अंगठ्याकडे बघत, आणि माझं कापड आतल्या आत आक्रसायचं.

गेल्या शनिवारी ती आपण होऊन पुढे आली. मामांनी हळूच विचारलं, बगळा करूया का, सोपा आहे.

"न... नाही. तेच."

मागून एक दीडशहाणा तिच्याआधी नाव सांगायला सरसावला. मामांनी त्याला नुसता तळहात दाखवला. ती बोलू लागली. आतून स्प्रिंग ढकलत होती, मी खटका जिवाच्या आकांतानं आवळला. आत काहीतरी कडकन वाजलं.

"व... वट... वटवा... घूळ."

मामांनी खटका दाबला. मी उघडेना. पुन्हा दाबला. जन्मभर वेळेआधी उघडले, आणि आता वेळ आली तर कायमची अडकून बसले. मामांचा चेहरा पडला.

भाचीनं मला त्यांच्या हातातून घेतलं, आकडा बोटात अडकवला आणि खाली लोंबकळत सोडलं.

"हळू बोला. ते... झ... झो... झोपलंय."

वाक्य संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

तेव्हापासून मी खुंटीवरचं झोपलेलं वटवाघूळ. पावसात माझा उपयोग शून्य, तक्रारही शून्य. फक्त एक काम करा. माझा आवाज त्या दोघांपर्यंत पोचत नाही, तुमचा पोचेल. मामांना सांगा, अंगठा सटकला नव्हता. भाचीलाही सांगा, कुणाचं काम होतं ते. ती मला शिव्या घालू लागली, तर मध्ये बोलू नका. एकेक शिवी पुरती होऊ द्या.