आधी विचारतो, मग लिहू देतो

मी कोण म्हणता? प्रोग्रॅममधलं पाच ओळींचं एक फंक्शन, म्हणजे एकच नेमकं काम करणारा तुकडा, बोलतोय. जीव एवढासा, पण चौकस फार! कंप्युटर अक्षरं आकड्यांत साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे मात्र सगळीकडे सारखं नसतं. म्हणून नव्या कंप्युटरवर पाऊल टाकलं की मी आधी विचारतो, "काय हो, तुमच्याकडे अक्षरांचं कुठलं कोष्टक चालतं?"

मला अमेरिकेतल्या रेडमंडच्या आश्लेषाने लिहिलं. तिचे वडील रवींद्रराव नागपूरहून आले होते. त्यांना ऐकू येईनासं झालेलं. बोललेलं मराठी स्क्रीनवर उमटवणारा प्रोग्रॅम ती त्यांच्यासाठी करत होती. तिच्या कंप्युटरवर सगळं झकास चालायचं. मग माझी काय गरज? तिने माझ्या ओळींपुढे 'या ओळी सोडून पुढे जा' अशी खूण टाकून मला झोपवून ठेवलं. चालायचंच!

आजोबा परत निघायच्या आदल्या दिवशी आश्लेषाने प्रोग्रॅम त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर घातला आणि तिची लेक इला त्यासमोर बसली. एरवी इंग्रजीतच बोलणारी ही पोर चक्क मराठीत बोलली. स्क्रीनवर आली नुसती प्रश्नचिन्हं.

"अगं, ही मला एवढं काय विचारतेय?" आजोबा गोंधळले.

इलाचा चेहरा पडला. "मॉम, इज माय मराठी दॅट बॅड? आय ॲम नॉट डुइंग धिस अगेन!"

आश्लेषाने लॅपटॉप पुढ्यात ओढला. बाई मोठी गुणाची! चिडली नाही, अंदाजाने काही ठोकूनही दिलं नाही. माझ्यापुढची खूण पुसली. "ऊठ रे बाबा, बघ जरा."

मी विचारलं. लॅपटॉप म्हणाला, "माझ्या कोष्टकात मराठी अक्षरंच नाहीत. कळलं नाही की प्रश्नचिन्ह टाकतो." घ्या! मी तसं कळवलं आणि आश्लेषाने त्याला युनिकोडचं कोष्टक वापरायला लावलं. त्यात मराठी अक्षरं असतात.

"इला, चूक तुझी नव्हती गं. एकदाच बोल, प्लीज."

इला पुटपुटली. स्क्रीनवर उमटलं, 'आजोबा, तू जाऊ नको.'

"अगं, आजोबांना तुम्ही म्हणतात!" आश्लेषा म्हणाली, आणि तेही खाली उमटलं.

रवींद्ररावांचे डोळे भरून आले. "तिला काही सांगू नकोस," ते म्हणाले. "मला तू म्हणणारं आता उरलंय कोण?"

हल्ली मी त्यांच्यासोबत नागपुरात असतो; इला तिकडून व्हिडिओ कॉलवर बोलते, ते इथे स्क्रीनवर उमटतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनो, मला पुन्हा झोपवू नका. इलाचं अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय.