आईच्या अध्यायाची सीडी

खियेनकाकांच्या घराच्या पायऱ्या चढण्याआधी मी प्रायूनची कंबर चाचपली. चाकू नव्हता. खिशात सिगारेटी आणि लाइटर, बस.

"खामसिंगदादा, आईला शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "तोंड उघडणार नाही."

"तोंडाचं कोण बोलतंय? मी हातांचं बोलतोय."

घरच तसं होतं. खियेनकाकांच्या मुलाने, देचाने, गावच्या जत्रेत फुटकी बाटली प्रायूनच्या धाकट्या भावाच्या, आनोनच्या, गळ्यात खुपसली होती. नाचताना पायावर पाय पडला, एवढंच निमित्त. कर्णे माझे होते. मी गाणं बंद करून धावलो, तोवर आनोन कर्ण्यांच्या पायथ्याशी पडला होता आणि त्याचं रक्त माझ्या वायरींखालून वाहत होतं. देचा रोई-एतच्या तुरुंगात गेला. घरात एकटे खियेनकाका उरले.

आणि आनोनचा आवाजही त्याच घरात होता.

मरण्याच्या काही वर्षं आधी आनोन थोडा काळ भिक्षू होता; आमच्याकडे पोरं तशी भिक्षू होतात आणि मग चीवर उतरवून घरी येतात. आमच्या विहारात दरवर्षी त्या दानशूर राजपुत्राची कथा गाऊन सांगतात; सबंध दिवस, एकामागून एक अध्याय. नुसतं वाचलेलं प्रवचन कानावरून जातं. गायलेलं छातीत उतरतं. मी तर त्यासाठीच कर्ण्यांच्या धंद्यात पडलो. पुढची जागा फुकट मिळते. त्या कथेतला आईचा अध्याय मला सगळ्यात प्रिय. आई रानात फळं गोळा करायला जाते, इकडे बाप तिची दोन्ही लेकरं दान देऊन टाकतो. ती परत येते आणि रात्रभर रानात हाका मारत फिरते. आनोन तो अध्याय गायचा तेव्हा बाया पदरात तोंड खुपसून रडायच्या, आणि आमच्यासारखे बाप्ये उगाच वायरी तपासायचे.

आमच्याकडे एकेक अध्याय एकेक घर उचलतं. दक्षिणा त्या घराची, पुण्यही त्या घराचं. म्हणून मी जे टिपायचो त्याची सीडी त्याच घरी जायची. स्वतःकडे प्रत ठेवायची नाही. दुसऱ्याचं पुण्य आपल्या पेटीत ठेवणं ही आमच्या गावात चोरीच. आनोनचं गाणं मी एकाच वर्षी टिपलं, आणि त्या वर्षी आईचा अध्याय खियेनकाकांनी उचलला होता.

आता त्या सीड्या मरायला लागल्यात. चांदी डागाळते, आवाज तुटतो. विहाराच्या मोठ्या महाराजांनी मला सांगितलं, घरोघर जा, सगळं संगणकात उतरवून घे. मी लॉसलेस फाइली करतो. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की सांगतो, आवाज जसाच्या तसा, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा गाळायचा नाही.

आनोनची आई, बुन्नाकमावशी, त्या श्वासासाठीच अडून बसली होती. पोर गेल्यापासून तिचं जेवण सुटलं होतं, भात चिवडून उठायची. "फोटो खूप आहेत रे," ती मला म्हणाली. "फोटो हाक मारत नाही. तेवढी हाक आणून दे मला." आणि प्रायूनला तिनेच माझ्याबरोबर धाडलं, घरचं माणूस हवं म्हणून.

खियेनकाकांनी बुद्धमूर्तीखालच्या फळीवरून सीड्यांचा डबा काढला आणि एक सीडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती ड्राइव्हमध्ये घातली. घरघर झाली, थांबली, पुन्हा घरघर. काहीच वाचलं जाईना. बाहेर काढून उलटी केली तर चकचकीत बाजूवर पांढऱ्या गंधाचे टिळे, वाळून चुन्यासारखे घट्ट, आणि त्यांवर सोन्याचा वर्ख.

"काका, हे काय?"

"मोठ्या महाराजांकडून टिळा लावून घेतला. देचा आत गेला त्यानंतर. सगळ्याच सीड्यांना. म्हटलं, पोराला पुण्य पोचू दे."

"कुठल्या पोराला?" प्रायूनने विचारलं.

"तुझ्या भावाला, बाबा."

"पण चकचकीत बाजूला कशाला?" मी म्हणालो.

"मग काय पाठीला लावू? गाडीला पुढून लावतात, दुकानाला दारावर लावतात. तोंड असेल तिथे टिळा."

गावात कुणीही हेच केलं असतं. या धंद्यात नसतो तर मीसुद्धा. वाचणारा किरण त्याच तोंडावर पडतो, हे कुणाला ठाऊक? उलट नशीबच म्हणायचं. नाव लिहायच्या बाजूला टिळा लावला असता तर तो काढताना आतली चांदीच सोलून आली असती. ही बाजू जाड असते.

"हरकत नाही," मी म्हणालो. "पुसून टाकू."

खियेनकाकांनी सीडी माझ्या हातातून ओढून छातीशी धरली. "पुसतोस? महाराजांचा टिळा? त्या लेकराला तिकडे काही पोचतंय ते तोडतोस?"

"पोचतंय?" प्रायून उठला. "तुझ्या पोराने त्याचा गळा फाडला. आणि तू, थेरड्या, त्याचा आवाज लिंपून टाकलास. बापलेकांनी वाटून घेतलं काम!"

"प्रायून, बस खाली."

"तू गप रे, वायरवाल्या!"

खांबाला बांबू फोडायचा कोयता अडकवलेला होता. माणसाची कंबर चाचपणाऱ्या मला घरातला खांब दिसला नव्हता. प्रायूनने तो उपसला. पहिला घाव डब्यावर बसला, झाकण उडालं, सीड्या जमिनीवर घरंगळल्या. खियेनकाका मागे सरकताना पडले, त्यांच्या हातातली सीडी निसटून लाकडी जमिनीवर गेली आणि दुसरा घाव तिच्यावर आला. म्हाताऱ्याने मध्ये हात घातला.

दोन बोटं तुटून बाजूला पडली. रक्त सीडीवरून, टिळ्यांवरून, फळ्यांच्या फटीतून खाली गेलं. खांबांवर उभ्या त्या घराखालच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. खियेनकाका ओरडले नाहीत. त्यांनी उरलेल्या हाताने सीडी पुन्हा पोटाशी ओढली.

मी पंचा फाडून त्यांचा हात करकचून बांधला. "चला, दवाखाना."

प्रायून पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला. "आधी आवाज. मग दवाखाना." आणि त्याने म्हाताऱ्याच्या बरगडीत लाथ घातली. "सांग त्याला पुसायला! सांग!"

दुसरी लाथ. तिसरी मी अंगावर घेतली.

"पूस," खियेनकाका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "हा मारतोय म्हणून नाही. माझं रक्त लागलं त्यावर. बाटलं ते. आता ठेवून काय करू?"

मी हात जोडून महाराजांची मनात माफी मागितली. साबणाच्या कोमट पाण्याने, मधून कडेकडे, सरळ पुसत गेलो. गोल पुसलं तर ओरखडे पडतात. गंध, सोनं, रक्त, सगळं एकाच फडक्यात आलं. मग उजेडात धरली. कडेपासून आत बोटभर चीर गेली होती. मध्ये बोटं आली नसती तर सीडीचे दोन तुकडे झाले असते.

सीडी मधून सुरू होते आणि कडेला संपते. म्हणजे कथेचा शेवट चिरेत होता. एरवी मी प्रत्येक सीडी दोनदा वाचून दोन्ही वाचनं ताडून बघतो, तेव्हा खात्री होते. चिरलेली सीडी जोरात फिरली तर आतल्या आत फुटते. तिला एकदाच, सगळ्यात हळू फिरवायचं ठरवलं. जेवढं वाचलं जाईल तेवढं तिथल्या तिथे लिहिलं जाईल अशी सोय केली आणि झाकण लावलं.

प्रायून खियेनकाकांच्या मागे बसला आणि त्याने कोयत्याची धार त्यांच्या मानेवर टेकवली.

"किती झालं?"

"आत्ता तर सुरू झालं."

"तुझ्या मशीनला घाई करायला सांग."

"घाई केली तर फुटेल."

"फुटली तर हेही फुटेल." त्याने कोयत्याची बोथट बाजू म्हाताऱ्याच्या टाळक्यावर आपटली. टाळकं फुटून रक्ताचा ओघळ कानामागे आला.

"मार बाबा," खियेनकाका म्हणाले. "पण त्याचं होऊ दे आधी."

"मला शिकवतोस? खुन्याच्या बापा!"

"प्रायून," मी म्हणालो, "तुझ्या आईने हाक मागितली आहे, मुंडकं नाही."

"आईचं नाव घेऊ नकोस."

अर्धं झालं. अर्ध्याहून जास्त झालं. पंचा भिजून ठिबकायला लागला, म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले. मी तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणत होतो आणि पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. मग ती थांबली. चीर आली होती.

त्या ड्राइव्हला एक खोड आहे. अडली की अडलेलं पुन्हा वाचायला ती आपण होऊन वेग घेते. मी थांबवायची कळ दाबली, ती ऐकेना. आवाज चढत गेला, घरघर, मग शिट्टी, आणि बंदुकीसारखा बार झाला. झाकण उडालं. चांदीच्या काचा घरभर. एक प्रायूनच्या डोळ्याखाली रुतली. तो किंचाळला, कोयता हलला आणि खियेनकाकांच्या मानेवर लाल रेघ उमटली.

"फोडलीस! फोडलीस तू!" तो कोयता टाकून माझ्यावर आला. माझं डोकं खांबावर आपटलं, मला पाडून छातीवर बसला आणि त्याने दोन्ही अंगठे माझ्या गळ्यात दाबले. त्याच्या गालातलं रक्त माझ्या तोंडात पडत होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. माझा एक हात संगणकापर्यंत पोचत होता. चाचपडून मी कळ दाबली.

आधी श्वास आला. मग आनोन गायला लागला.

रानात आई हाका मारत होती. आवाज विशीतला, कोवळा, किंचित नाकातला, अगदी त्याचाच.

प्रायूनचे अंगठे सुटले नाहीत, सैल झाले. मला तेवढं पुरलं. त्याला गुडघ्याने बाजूला ढकललं, कोयता पायाने खाली ढकलून दिला आणि खियेनकाकांना काखेत घालून पायऱ्या उतरलो. गाडी सुरू केली तेव्हा वर आनोन गातच होता.

दवाखान्यात खियेनकाकांनी सांगितलं की बांबू फोडताना हात मध्ये आला. डोकं? पडलो. मान? बांबूच. डॉक्टरीणबाई माझ्या गळ्यावरचे वळ बघून म्हणाल्या, "आणि हेही बांबू फोडत होते वाटतं?"

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरून संगणक उचलला आणि फाइल घेऊन बुन्नाकमावशीकडे गेलो. प्रायून भिंतीशी बसला होता, गालाला टाके. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती लोखंडी बत्त्याने विडा कुटत होती. मी छोटा कर्णा तिच्यापुढे ठेवला.

ती ऐकत होती तोवर बत्ता हलला नाही. आई रानात फिरली, पहाट झाली, ती नवऱ्यापुढे येऊन बेशुद्ध पडली. आणि तिथेच आवाज तुटला. त्यापुढे ती शुद्धीवर येते, लेकरं दान दिल्याचं तिला कळतं आणि ती दोन्ही हात जोडून त्या दानाला 'साधू', म्हणजे चांगलं झालं, असं म्हणते. आमच्याकडे तिथे घंटा वाजते आणि सगळी सभा साधू म्हणते. ते नव्हतं.

"पुढचं?" मावशीने विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रायून म्हणाला, "मी तोडलं. कोयता मारला. खियेनची बोटं मध्ये आली."

"कोणत्या हाताने?"

त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो जमिनीवर ठेवला आणि बत्ता त्याच्या बोटांवर आपटला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. पुन्हा आपटला. प्रायूनने हात काढून घेतला नाही. त्याच्या तोंडातून नुसती हवा येत होती. तिसऱ्या वेळी बत्ता उचलला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. मग तिने बत्ता खाली ठेवला.

"मावशी," मी म्हणालो, "दुसऱ्या वर्षीच्या एखाद्या भिक्षूचा शेवट असेल कुणाकडे. शोधून जोडून देऊ?"

"नको. तिथे पोरं गेली त्याला साधू म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते आलं नसतं."

"मग निदान शेवट हळूहळू विरवतो. असा तोडल्यासारखा नको वाटायला."

"विरवू नकोस. पडली तिथे पडू दे." तिने भाताची टोपली पुढे ओढली, पण झाकण उघडलं नाही. "आणि याची एक प्रत खियेनकडे दे. अध्याय त्याचा आहे. असाच दे, तुटलेला. त्यालाही इथपर्यंतच ऐकू दे."

मी पेनड्राइव्ह लावला, फाइल उतरवली आणि दोन्ही प्रती ताडून बघितल्या. जुळल्या. प्रायूनचा हात सुजून निळा पडला होता. त्याला गाडीत बसवायला मी उठलो, तेव्हा मावशी म्हणाली, "जाताना पुन्हा पहिल्यापासून लावून जा." मी लावला. टोपलीचं झाकण उघडल्याचा आवाज आम्हाला पायऱ्यांवर ऐकू आला.