न बसणारा पंप

"हाही नाही बसायचा," असं म्हणून ह्यांनी नवा कोरा पंप खोक्यात परत ठेवला आणि खोकं माझ्या हातात दिलं, जणू चूक माझीच होती.

मी शेडच्या दारात उभी होते. गाडीचं बॉनेट उघडं, रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला, पंखा फळीवर, रबरी नळ्या बादलीत. इंजिनाच्या तोंडाशी जिथे पाण्याचा पंप असायला हवा, तिथे नुसती भोकं. कित्येक महिने गाडी अशीच होती, दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेल्या माणसासारखी.

"अहो, दुकानदार म्हणाला या गाडीला हाच लागतो. जुना पंप दाखवून आणलाय मी."

"दुकानदाराला काय कळतंय."

"मागच्या पंपालाही तुम्ही हेच म्हणालात."

"मागचा वेगळा होता. त्याने पंखा पुढे येत होता."

"आणि त्याच्या आधीचा?"

हे फडक्याने हात पुसत राहिले. हातांना काही लागलेलंच नव्हतं.

मी खोकं घेऊन घरात आले आणि ओट्यापाशी बसून त्या पंपाकडे बघत राहिले. मला यंत्रातलं काही कळत नाही. तरी जुना पंप आणि हा पंप मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. जुळी भावंडं वाटावीत इतके सारखे. एक मळका, एक चकचकीत, एवढाच फरक. मग बसत का नाही? आणि ह्यांना विचारलं की उत्तर वेगळंच. कधी भोकं जुळत नाहीत, कधी पट्टा तिरका जातो, कधी बोल्ट सापडत नाही. एकदा तर म्हणाले, "हवा दमट आहे, पॅकिंग धरणार नाही." त्या दिवशी बाहेर कपडे तासाभरात वाळले होते.

हे रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. सगळी नोकरी एकाच इस्पितळात. मी तिथल्याच धुलाई विभागात चादरी मोजायला होते, तिथेच आमचं जमलं. शहरातली गल्ली न् गल्ली ह्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावरही नव्या ड्रायव्हरांचे फोन यायचे, "काका, पूल बंद आहे, कुठून घालू?" हे जेवता जेवता डोळे मिटायचे. "शाळेच्या मागून घे. लाकडाच्या वखारीपाशी डावीकडे. पुढे बोळ अरुंद वाटेल, घाबरू नकोस, गाडी जाते." मग डोळे उघडून पुढचा घास.

अलीकडे फोन आला की हे मला खूण करायचे, सांग झोपलेत म्हणून. मला वाटलं, कंटाळले असतील.

ही गाडी ह्यांनी निवृत्तीच्या बरीच आधी घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती. गोल दिवे, फुगीर गाल, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. तसल्या गाड्या आता कुणी बनवत नाही. रविवारी सकाळी हे तिच्याशी जितकं बोलायचे तितकं आठवडाभरात माझ्याशी नसतील बोलले. मी कधी हेवा केला नाही. सवत असावी तर अशी, दर वर्षी माहेरी नेऊन सोडणारी.

त्या दुपारी लेकीचा फोन आला. बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदाच येणार होती.

"रविवारी सकाळी पोचतेय आई. बाबा येतील ना स्टेशनवर? मी ह्याला सांगून ठेवलंय, आजोबा मोठी गाडी घेऊन येणार."

"अगं, एवढ्याशा पोराला काय सांगून ठेवतेस?"

"मग काय झालं, ऐकतो तो. येतील ना?"

स्टेशनवर तिला आणायला हेच जायचे. कॉलेजात होती तेव्हापासून, एकदाही चुकलं नाही. मी "हो हो" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच असा काही झाला की मला त्याचा अर्थच लावता येईना. "पंप कुठाय पण," एवढंच म्हणाले.

"तुम्ही म्हणालात गळतो म्हणून काढला. मी रोज शेड झाडते. खाली पाण्याचा थेंब कधी दिसला नाही मला."

"आतून गळतो तो."

मी नव्या पंपाचं खोकं आधीच्या खोक्यांवर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हे दुपारचे आडवे झाल्यावर मी मेस्तरींना बोलावून घेतलं. मेस्तरी म्हणजे इस्पितळाच्या गाड्यांची देखभाल करणारे, ह्यांचे जुने दोस्त. आले, चष्मा कपाळावर चढवला आणि आधी जुना पंप हातात घेतला. दांडा फिरवला, हलवून पाहिला, कानाला लावला. मग नवे पंप एकेक करून इंजिनाला लावून बघितले.

"वहिनी, यातला कुठलाही बसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे बरोबर आहेत. आणि खरं सांगू का, जुन्यालाही काही झालेलं नाही. न गळतोय, न वाजतोय. अजून कित्येक वर्षं चालला असता. काढला कशाला?"

"ते मी तुम्हाला विचारतेय."

मेस्तरींनी मान खाजवली. "तुमचं दोघांचं काही वाजलंय का?"

"आमच्या वाजण्याचा आणि पंपाचा काय संबंध?"

"नाही, काही माणसं रुसली की अशी जागा शोधतात. माझे वडील छपरावर चढून कौलं मोजत बसायचे." मग त्यांनी इंजिनावर पंप बसतो त्या जागेवरून बोट फिरवलं. "हे बघा, जुनं पॅकिंग खरवडून कसं साफ केलंय. नख लावलं तरी अडकत नाही. हात विसरलेल्या माणसाचं काम नव्हे हे. मला काही उमगत नाही वहिनी."

मलाही उमगेना. आम्ही दोघं त्या उघड्या इंजिनाकडे बघत उभे होतो, तेवढ्यात मागे चपलांचा आवाज झाला. हे दारात होते. डोळ्यांवर झोप, अंगात बनियन. त्यांची नजर मेस्तरींच्या हातातल्या पंपावर गेली. मला वाटलं, आता चिडणार.

मेस्तरींनीच सावरून घेतलं. "या भाऊ. एकट्याने पंखा धरायचा की बोल्ट आवळायचे? चला, दोघं मिळून लावून टाकू."

आणि हे आले. निमूटपणे पाना घेतला. नव्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी चिकट मसाला लावला, पंप जागेवर टेकवला आणि डब्यातून बोल्ट उचलायला लागले. त्यातले काही लांब, काही आखूड. मेस्तरी कुठला कुठे ते बघायला वाकले, तोवर ह्यांनी न बघता लांब लांबाच्या जागी, आखूड आखुडाच्या जागी घातलासुद्धा. एक इकडचा, एक समोरचा, असे थोडेथोडे आवळत गेले. पंखा, पट्टा, रेडिएटर, नळ्या. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला आणि मान हलवली. पाणी भरलं. किल्ली फिरवल्यावर इंजिन खोकलं आणि सुरू झालं. तापमानाचा काटा हळूहळू चढला, मध्यावर येऊन थांबला. खाली थेंब नाही.

मला इतकं हलकं वाटलं. आणि त्याच वेळी मी जास्तच गोंधळले. हे जर असं चहा पिता पिता होण्यासारखं होतं, तर इतके महिने काय चाललं होतं?

"चला भाऊ, एक चक्कर मारून आणू," मेस्तरी म्हणाले.

ह्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली मेस्तरींच्या हातात दिली. "डोकं दुखतंय माझं," म्हणाले आणि घरात गेले.

मी मागोमाग गेले. हे पलंगाच्या कडेवर बसले होते, काळे झालेले हात चादरीला लागू नयेत म्हणून वर धरून. मी टॉवेल ओला करून आणला आणि एकेक बोट पुसायला घेतलं.

"काय झालंय?"

"काही नाही."

"इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली. काही नाही म्हणजे काय ते मला कळतं."

मी दुसरा हात पुसायला घेतला. मग हे हळू आवाजात म्हणाले, "इस्पितळापुढचा चौक आहे ना. तिथे मी उभा होतो. गाडीत हवा भरून येत होतो. सिग्नल सुटला आणि मला कळेना कुठे वळायचं."

"मग?"

"मग सरळ गेलो. वाटलं, पुढे ओळखीचं काही दिसेल. सगळंच ओळखीचं होतं, पण कशाला काही जोडलेलं नव्हतं. दुकानं दिसत होती, त्यांची नावं वाचता येत होती. घर कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. शेवटी एका हवालदाराला आपला पत्ता विचारला. त्याने विचारलं, पाहुणे आलात का इकडे? मी हो म्हणालो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? माणसं ओळखतो मी. हिशेब जमतो. नुसते रस्तेच गेलेत." हे आपल्या हातांकडे बघत होते. "दुसऱ्या दिवशी पंप काढला. गाडी उघडी असली की कुणी चला म्हणत नाही."

मी पुसत राहिले. मला एकदम बाजार आठवला. हल्ली मी बाजाराला निघाले की हे पिशवी घेऊन बरोबर यायचे. आधी कधी यायचे नाहीत. माझ्या अर्धं पाऊल मागे चालायचे, मी वळले की वळायचे. शेजारीण चिडवायची मला, उतारवयात प्रेमाला बहर आलाय म्हणून, आणि मी आतल्या आत सुखावायचे. आता त्याचं काय समजायचं? मी तसंच विचारलं.

"बाजारात माझ्याबरोबर येता ते म्हणूनच का?"

हे विचारात पडले. अगदी खरं उत्तर शोधावं तसे.

"मला नाही सांगता येणार. तुझ्या मागे चालताना बरं वाटतं, एवढं खरं आहे."

सोमवारी दवाखान्यात जायचं आम्ही ठरवलं. लेकीला फोनवर काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून काहीच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मेस्तरी इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. गाडी दारात उभी केली. हे बाहेर आले आणि सवयीने ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. आत मेस्तरी बसलेले. मेस्तरी उतरायलाच लागले होते. ह्यांनी काचेवर दोन बोटं टेकवून त्यांना थांबवलं, वळसा घालून आले आणि मागचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत हे या सीटवर कधी बसले नव्हते. गुडघे कसे ठेवायचे ते काही वेळ त्यांना जमेना.

स्टेशनबाहेर लेक लांबूनच हसत आली. खिडकीशी वाकून "बाबा" म्हणाली आणि स्टेअरिंगवर मेस्तरींना बघून थबकली. मग तिला मागे हे दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, त्याआधी ह्यांनीच दार उघडलं.

"त्याला दे इकडे," हे म्हणाले. "आज माझे हात मोकळे आहेत."

तिने बाळ ह्यांच्या हातात दिलं आणि स्वतः पुढे बसली. दुपट्यात गुंडाळलेलं ते पोर ह्यांच्या कोपरापर्यंतसुद्धा पुरत नव्हतं. गाडी हलली तसे त्याचे डोळे मिटले. पुलाच्या अलीकडे मेस्तरींनी वेग कमी केला. जुना मान राखत त्यांनी आरशातून विचारलं, "भाऊ, वरून घेऊ की खालून?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. लेकही मागे वळून बघत होती.

ह्यांनी बाळावरची नजर काढली नाही. "तुम्हाला हवं तिथून घ्या, मेस्तरी," म्हणाले. "झोपलाय तो. खड्डे तेवढे चुकवा."