नात्याचा रकाना

धडगावच्या सरकारी दवाखान्यात निर्मलाबाई नर्स होत्या आणि जसोदाबाई दाई. १९५७ सालापासून दोघी दवाखान्यामागच्या एकाच खोलीत राहत. खोलीत खाटा दोन होत्या, पण एकीवर औषधांच्या पेट्या असत.

जसोदा सारंगखेड्याच्या गुजर शेतकऱ्याघरची सून. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांनी, चुनीलालभाईंनी, तिला सहा महिने दाईचं काम शिकायला नंदुरबारला पाठवलं. तिथे शिकवायला निर्मला होती. शिक्षण संपलं आणि निर्मलाची बदली अक्राणी महालात धडगावला झाली, तेव्हा जसोदानं सासरी निरोप पाठवला, "माले घर नही येनं." सासऱ्यांनी तो ऐकून घेतला. थोरला दीर सुकलाल मात्र त्या दिवसापासून तिचं नाव घेईनासा झाला.

डोंगरात दोघी पायीच फिरत. आठवड्याला मोलगीच्या बाजारात जात, कारण पाड्यापाड्यांवरच्या बाया तिथेच एकत्र भेटत. जसोदा त्यांच्यात उकिडवी बसे आणि अंगावरून जातं का, कुठे दुखतं, नवरा मारतो का, सगळं विचारी. पुरुष जवळ आला तर त्याला हाकलून देई. बाया खिदळत आणि मग हळूहळू बोलू लागत. एकदा एकीनं विचारलं, "तुम्ही बहिणी का?"

"नाही," जसोदा म्हणाली आणि निर्मलाकडे बघून हसली. परतताना घाटात तिनं निर्मलाचा हात धरला. "माले बहीन म्हनू नको कधी. बहिनी माले तीन शेतस."

एकसष्टच्या उन्हाळ्यात निर्मलाला जसोदाच्या लुगड्यावर डाग दिसला. वर्षभर तिला रक्त जात होतं. दुसऱ्या बायांना लाजू नका म्हणून सांगणारी जसोदा स्वतः गप्प राहिली होती.

"मला का नाही सांगितलंस?" निर्मला ओरडली.

"सांगतू तर तू माले मोठा दवाखानाम्हा लई जाती. तठे घरना माणूस बलावतस."

दुसऱ्याच दिवशी निर्मलानं तिला आधी जीपनं आणि पुढे एसटीनं शहरात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशयात गाठ होती. लगेच ऑपरेशन केलं तर आशा आहे, म्हणाले. कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला.

"सही करणार कोण?"

"मी करते."

"आपण कोण?"

"धडगावच्या दवाखान्यात नर्स आहे."

"ते कळलं हो. पेशंटच्या नात्यानं कोण?"

निर्मलानं पेन हातात घेतलं. बहीण लिहिलं असतं तर कोणी विचारायला आलं नसतं. पण बाकावर पोट धरून बसलेली जसोदा तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्यासमोर तो शब्द निर्मलाच्या हातून उतरेना. रकाना कोराच राहिला. कारकुनानं फॉर्म परत घेतला आणि सासरचा पत्ता मागितला.

सासरे आता हयात नव्हते; आठव्या दिवशी सुकलाल आला. ऑपरेशनचं ऐकून त्यानं नकारार्थी मान हलवली. "आमना घरनी बाई शे. तिले कापानं नही. घर लई जास."

"माले नही जानं," जसोदा म्हणाली. तिनं खाटेची कड घट्ट धरली होती. सुकलालनं एकेक बोट सोडवलं. निर्मला डॉक्टरांकडे धावली. ते म्हणाले, घरच्यांनी नेलं तर आम्ही काय करणार?

निर्मलाला रजा मिळायला सतरा दिवस लागले. सारंगखेड्याला ती दुपारी पोहोचली. ओट्यावर सुकलाल बसला होता, डोकं भादरलेलं. ते डोकं पाहूनच तिला कळलं. चार दिवस झाले होते. तिला कळवायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

सुकलालची बायको रंजनाबाई तिला आत घेऊन गेली. मागच्या खोलीत खाट उभी करून ठेवली होती, जमीन नुकती सारवलेली. "शेवटलोंग तुमनंच नाव ली ऱ्हायंती," रंजनाबाई हळूच म्हणाली. "मी दारम्हा बठस. रडी ल्या, बाई."

निर्मलाला रडू आलं नाही. आपण तो एक शब्द लिहिला असता तर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. ते पुढे कितीतरी वर्षं तसंच फिरत राहिलं.

धडगावला ती परत कामावर रुजू झाली. दवाखान्यात कोणी काही विचारलं नाही. नवी दाई येईल, एवढं डॉक्टर म्हणाले.

मोलगीच्या बाजाराला ती एकटीच गेली. आंब्याची टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं तिच्या मागे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. या म्हातारीच्या दोन नातवंडांना जसोदाच्या हातांनी जगात आणलं होतं.

"तुझी बाई कुठे?"

निर्मलानं सांगितलं. म्हातारीनं टोपली बाजूला सारली आणि तिथेच धुळीत बसल्या बसल्या मोठ्यानं रडायला सुरुवात केली, घरचं माणूस गेल्यावर रडतात तशी. आसपासच्या बाया उठून आल्या. त्यांनी निर्मलाला मधे बसवलं. एकीनं तिच्या डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दुसरीनं तांब्या तिच्या ओठाला लावला. बाजार भोवती चालूच होता. निर्मला पाणी प्यायली, आणि मग तिला रडू फुटलं.